फोटोत काही नाही, पण हात दुखतोय

  शेतातून आत्ताच आला असाल, चूल पेटवली असेल, रेडिओ कोनाड्यात ठेवला असेल. आवाज जरा वाढवा. आज सांगणार आहे त्या गोष्टीत माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती मला तुमच्यासमोर मोठ्याने सांगायची आहे.

विषय हाडांचा आहे आणि एआयचाही आहे. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. हा शब्द आता आपल्या पोरांच्या तोंडी असतो, मोबाइलवर असतो. पण तालुक्याच्या एक्स-रेच्या खोलीतही तो येऊन बसला आहे, हे मला गेल्या वर्षी कळलं.

बीड जिल्ह्यातल्या ज्या गावात आमचा गट आहे, तिथल्या निम्म्या बाया दसरा झाला की ऊसतोडीला जातात. त्यातल्याच एकीची ही गोष्ट. तिचं नाव सांगत नाही, मी तिला आक्का म्हणते. वय सदतीस. तिने परवानगी दिली आहे. "सांगा की, दुसरीचा हात तरी वाचंल," असं म्हणाली.

दसऱ्याला दहा-बारा दिवस राहिले होते. आक्का बांधावरून चाऱ्याचा भारा घेऊन उतरत होती. पावसाने बांध निसरडा झालेला. पाय घसरला, भारा एकीकडे गेला, आणि सगळ्या अंगाचं वजन उजव्या तळहातावर आलं. पडताना आपण हात पुढे टाकतोच, तसा तिने टाकला. संध्याकाळी मनगट थोडं सुजलं. तिने हळद-तेल लावलं, फडकं गुंडाळलं, भाकरी केल्या. तिसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीला आली. रजिस्टरवर सही करायला पेन धरलं आणि तिच्या तोंडून "आई गं" निघालं. अंगठ्याच्या मुळाशी कळ येत होती.

आता बघा, त्या घरात कोयत्याची उचल घेऊन झाली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादम त्या जोडीला हंगामाआधीच पैसे देतो. एकीचा हात मोडला की कोयताच मोडला, आणि उचल अंगावर राहिली. त्यामुळे घरातला जो तो मनात एकच म्हणत होता की हाड मोडलेलं नसू दे. खरं सांगायचं तर मीही तेच म्हणत होते.

मी तिला तालुक्याला घेऊन गेले. एका डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, आम्ही एक्स-रेला गेलो. आपल्याकडे बाया "फोटो काढला" म्हणतात, मीही फोटोच म्हणते. फोटो काढणाऱ्या पोराने हात टेबलावर ठेवून दोन बाजूंनी फोटो काढले. लगेच संगणकावर चित्र आलं आणि मिनिटभरात शेजारी रिपोर्ट. तो म्हणाला, "ताई, आता एआय बघतं. तज्ज्ञ डॉक्टर रात्री शहरातून बघतात, हे मात्र लगेच सांगतं. हाड मोडलं असेल तर त्या जागेवर चौकोन येतो. तुमच्या फोटोवर चौकोन नाही." डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, लचक आहे म्हणाले, पट्टी बांधली, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या.

एसटी स्टँडवर आक्का मला म्हणाली, "ताई, दुखायलंय पण. इथं, आत, खड्ड्यात." अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो ना, तिथे तिने डाव्या हाताचं बोट ठेवलं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आक्का, मशीनने सांगितलं ना काही नाही. माणूस चुकेल, मशीन कशाला चुकेल?"

हीच माझी चूक.

आक्का तोडीला गेली. पहिले काही दिवस दोरीने मनगट आवळून कोयता चालवला. मग मोळी उचलताना हात दगा द्यायला लागला. एक दिवस बसलं की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात, म्हणून बसायची सोय नाही. संक्रांतीच्या सुमाराला कोयता हातातून सुटून पायावर पडता पडता राहिला, तेव्हा दोघं परत आली. मग आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो मागायच्या आधी तिचा हात हातात घेतला, त्या खळग्यात अंगठ्याने दाबलं, आणि आक्का खुर्चीतून उठलीच. मग त्यांनी हात वेगळ्या कोनात वळवून नवा फोटो काढायला लावला. हाड मधोमध मोडलेलं होतं आणि जुळलेलं नव्हतं.

आपल्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. त्यातलं अंगठ्याच्या बाजूचं एक हाड साधारण काजूच्या आकाराचं, इंग्रजीत त्याला स्कॅफॉइड म्हणतात. तळहातावर पडलं की बऱ्याचदा तेच मोडतं. त्याला रक्त एका टोकाकडून जास्त मिळतं, म्हणून मधे मोडलं की दुसरा तुकडा उपाशी राहतो आणि जुळायला फार वेळ घेतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही बारीक मोड पहिल्या काही दिवसांच्या फोटोत पुष्कळदा दिसतच नाही. दहा ते चौदा दिवसांनी मोडलेल्या कडा थोड्या विरघळतात, मग चीर उघडी पडते. म्हणून जुना नियम असा आहे की पडल्यावर त्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर फोटो साफ आला तरी हात प्लास्टरमध्ये किंवा आधारपट्टीत ठेवायचा आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो काढायचा. ही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे.

मी डॉक्टरांना विचारलं, मग मशीनने चूक केली का? ते म्हणाले, "पहिल्या फोटोत मलाही कदाचित दिसलं नसतं. पण मी फोटोवर थांबलो नसतो."

घरी येऊन मी तो पहिला रिपोर्ट पिशवीतून काढला. सगळ्यात खाली बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ होती. रुग्णाला तपासून, लक्षणांशी ताडून मगच हा रिपोर्ट विचारात घ्यावा, अशा अर्थाची. मी बी.ए. झाले आहे. ती ओळ मला वाचता आली असती. मी वाचली नाही.

यानंतर मी या मशीनबद्दल जरा माहिती काढली. कुणाला शिव्या घालायच्या म्हणून नव्हे. पुढच्या वेळी त्या खोलीत उभी राहिले तर मला काय विचारायचं ते कळावं म्हणून.

एक्स-रेचा शोध १८९५ साली जर्मनीत रोंटगेन नावाच्या शास्त्रज्ञाने लावला. त्याने माणसाच्या हाडांचा जो पहिला गाजलेला फोटो काढला तो कुणाचा होता, ठाऊक आहे? त्याच्या बायकोच्या हाताचा. त्यात बोटांची हाडं दिसतात आणि बोटातली अंगठी काळीकुट्ट उमटलेली दिसते. ही अंगठी लक्षात ठेवा. आपल्या बायाही फोटोला गेल्या की बांगड्या काढत नाहीत, सौभाग्याचं लेणं म्हणून कोपराकडे सारून ठेवतात. काचेच्या बांगड्याही फोटोत उमटतात. त्या हाडाच्या आड आल्या की माणूसही फसतो आणि मशीनही. तेव्हा फोटोपुरत्या काढा, बाहेर आल्यावर भरा. सासूबाई रागावल्या तर माझं नाव सांगा.

तर फोटो सव्वाशे वर्षं जुना आहे. नवीन काय आहे, तर तो वाचणारा. मोडलेल्या आणि न मोडलेल्या हाडांचे हजारो-लाखो फोटो संगणकाला दाखवतात. प्रत्येक फोटोबरोबर जाणत्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतं की इथे मोडलंय, इथे नाही. पाहून पाहून संगणक शिकतो. नवी सून जवारी निवडायला शिकते तसंच. पहिल्या दिवशी खडा सुटतो, सासू दाखवते, महिन्याभरात सुनेचं बोट आपोआप खड्यावर जातं. आता समजा ती सून कोकणातली आहे. माहेरी तिने जन्मभर तांदूळ निवडले. पांढऱ्या तांदळात काळा खडा लगेच दिसतो. तिला आपल्याकडे आणून जवारीचं सूप हातात दिलं तर? खडा जवारीच्या रंगाचा. सून हुशार आहे, नजर चांगली आहे, पण तिची नजर दुसऱ्या धान्यावर तयार झाली आहे.

मशीनचंही तसंच आहे. कुणाच्या हाडांवर ते शिकलं, कुठल्या वयाच्या, कसल्या कामाच्या माणसांच्या, कुठल्या यंत्राने काढलेल्या फोटोंवर, यावर त्याची नजर ठरते. त्यामुळे जे मशीन लंडनला चांगलं चालतं ते केजला किंवा वडवणीला तितकंच चालेल असं धरून चालता येत नाही, आधी इथल्या फोटोंवर तपासावं लागतं. आपल्या देशात वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मार्च २०२३ मध्ये एआयसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ज्यांच्यासाठी मशीन वापरायचं त्या लोकांचा विचार त्यात हवा, पेशंटची संमती हवी, जबाबदारी माणसाचीच हवी, असा त्यांचा रोख आहे.

आता मशीनची चांगली बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताईचा नुसता राग निघतोय. आपल्यासारख्या कमी उत्पन्नाच्या देशांत एक्स-रेचं यंत्र एक वेळ मिळतं, पण तो फोटो वाचणारा तज्ज्ञ मिळत नाही. ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता कुणी मोटारसायकलवरून पडून आलं तर ड्युटीवरचा तरुण डॉक्टर एकटा असतो. त्याच्या शेजारी बसून "इथे बघ, इथे चीर वाटते" म्हणणारं कुणी असेल तर ते मोलाचंच आहे. छातीच्या फोटोत हे आधीच सुरू झालंय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की क्षयरोगाच्या तपासणीत पंधरा वर्षांवरच्या माणसांचा छातीचा फोटो संगणकाने वाचला तरी चालेल. ७ डिसेंबर २०२४ ला आपल्या देशात क्षयरोगाची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली, तेव्हा हातात धरायची छोटी एक्स-रे यंत्रं गावोगाव फिरली आणि त्यांचे फोटो वाचायला एआयची मदत घेतली. तुमच्यापैकी काहीजणी त्या यंत्रापुढे उभ्याही राहिल्या असतील, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल इतकंच.

हाडांच्या बाबतीत हे काम मागून येतंय. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मनगटाचं मोडलेलं हाड शोधणाऱ्या एका प्रणालीला मे २०१८ मध्ये परवानगी दिली. इंग्लंडमध्ये नाइस नावाची सरकारी संस्था आहे, तिने २०२४ मध्ये अशा चार प्रणाली तातडीच्या विभागात वापरून बघाव्यात असं म्हटलं. शंभरातली तीन ते दहा फ्रॅक्चर पहिल्या तपासणीत सुटतात, असं तिनेच लिहिलंय. म्हणजे सगळ्या सोयी असलेल्या देशातही सुटतात. पण तिथे मशीन वापरलं तरी तो फोटो माणूस बघतोच, मशीनच्या एकटीच्या भरवशावर पेशंटला घरी पाठवायचं नाही असं ठरलेलं आहे. आमच्या आक्काला मात्र मशीननेच घरी पाठवलं, कारण आमच्याकडे मशीन पोचलं होतं, त्याच्यामागचा माणूस रात्री बघणार होता, आणि रात्री काय बघितलं ते विचारायला आम्ही कुणीच परत गेलो नाही.

आता दुसरी गोष्ट, ती मला फार आवडली. गुडघ्यांची.

आपल्या गटांत गुडघे कुणाचे दुखत नाहीत? पाटीभर ओझं डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढायचं, दिवसभर वाकून, उकिडवं बसून काम. दवाखान्यात गेलं की फोटो काढतात आणि म्हणतात, "बाई, फोटोत एवढं काही नाही. वजन कमी करा, टेन्शन घेऊ नका." मग घरचेही म्हणतात, नाटकं करते. बाई गप्प बसते.

डॉक्टर गुडघ्याच्या फोटोला शून्य ते चार असे जे अंश देतात, त्याची पद्धत १९५७ साली इंग्लंडमधल्या केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी तिथल्या गोऱ्या लोकांवरून बसवली. ती आजही जगभर वापरली जाते. अमेरिकेत असं दिसायचं की काळ्या वर्णाच्या माणसांचे गुडघे गोऱ्यांपेक्षा जास्त दुखतात, पण फोटोतले अंश सारखे असले तरीही दुखणं जास्तच. तेव्हा लोक म्हणायचे, हे दुखणं गुडघ्यात नाही, दुसरीकडे कुठेतरी आहे, मनात आहे. काही संशोधकांनी मग एक वेगळाच प्रयोग केला. त्यांनी संगणकाला डॉक्टरांचे अंश शिकवलेच नाहीत. गुडघ्याचा फोटो दाखवला आणि त्या माणसाने स्वतः किती दुखतं म्हणून सांगितलं होतं, ते शिकवलं. २०२१ मध्ये तो अभ्यास छापून आला. काळ्या-गोऱ्यांच्या दुखण्यातला जो फरक होता, त्यातला जुन्या अंशांनी फक्त ९ टक्के उलगडत होता. संगणकाने ४३ टक्के उलगडला. गरीब आणि कमी शिकलेल्या लोकांच्या दुखण्याचाही जास्त उलगडा झाला. म्हणजे गुडघ्याच्या फोटोत काहीतरी होतंच. ते बघायला कुणी शिकलं नव्हतं, कारण दुखणाऱ्याला कुणी नीट विचारलं नव्हतं. आणि शिकवताना वेगवेगळ्या प्रकारच्या माणसांचे फोटो घातले तेव्हा हे जास्त चांगलं जमलं, हेही त्यांनी लिहिलं आहे.

मी हे वाचलं तेव्हा मला आक्काचं ते खळग्यातलं बोट आठवलं.

मग माझ्या मनात आलं, आपल्याकडे असं मशीन शिकवायचं ठरलं तर ते कशावर शिकणार? केस पेपरवर. आणि आपल्या केस पेपरवर काय असतं? "गुडघेदुखी." संपलं. कधीपासून, कुठल्या बाजूला, चढताना की बसताना, काम काय करते, किती ओझं उचलते, यातलं काही नाही. निम्म्या वेळा आपण सांगत नाही, निम्म्या वेळा लिहिलं जात नाही. जे लिहिलंच नाही ते मशीन शिकणार नाही.

आणि आपल्या जिल्ह्याच्या बायांची हाडं वेगळी वाचावी लागतील, त्याला एक मोठं कारण आहे. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली होती. तुम्हाला नवीन नाही, आपल्याच घरातली गोष्ट आहे. पिशवीबरोबर अंडाशयही काढले असतील तर त्याच दिवसापासून पाळीबरोबरचं संरक्षण जातं आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. पन्नाशीत सुरू व्हायचं ते तिशी-पस्तिशीत सुरू होतं. हाड मोडण्याचा धोका मोजायचं एक गणित २००८ पासून जगभर वापरतात. त्यात वय चाळीस ते नव्वद घ्यायचं असतं. पस्तीस वर्षांची, पिशवी काढलेली, डोक्यावर मोळी वाहणारी बाई त्या गणितात बसतच नाही. संगणकालाही पस्तीस वय सांगितलं आणि बाकी काही सांगितलं नाही, तर तो तिला धडधाकटच समजणार. म्हणून पिशवी काढली असेल तर हाडांच्या डॉक्टरला ते आधी सांगायचं. लाजायचं नाही. अंडाशय काढलेत का हे माहीत नसेल तर त्या ऑपरेशनचा कागद शोधून घेऊन जायचं.

खाण्याचं थोडक्यात सांगते, त्यावर मागे आपण बोललो आहोत. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १००० मिलीग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं. तीळ, दूध, दही, हिरव्या भाज्या आहेतच. उन्हात आपण असतोच.

एका काकूंनी मागच्या महिन्यात विचारलं होतं की मशीन चुकतं, डॉक्टर लांब, मग हाडवैद्य काय वाईट? काकू, काही हाडवैद्यांचा हात चांगला असतो, मी नाही म्हणत नाही. पण कामट्या लावून घट्ट बांधलेल्या हाताची बोटं थंड, बधिर किंवा निळसर झाली, किंवा बोट सरळ करताना असह्य कळ आली, तर ते बांधलेलं त्याच क्षणी सोडायचं आणि दवाखाना गाठायचा. तासांत हात जाऊ शकतो. आणि म्हातारी आजी पडली, उठता येईना, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि आखूड दिसतोय, तर चोळायचं नाही. खुब्याजवळ मोडलेलं असतं. १०८ ला फोन करायचा. हे ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावं असं डॉक्टर सांगतात. अंथरुणावर पडून राहिली तर म्हातारी खुब्याने जात नाही, छाती भरून जाते.

इथे एक सांगायला हवं. मशीनने चौकोन काढला, हाड मोडलंय म्हणाली, तरी पुढे हाड बसवणारे हात लागतात. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये सांगितलं होतं की जगातल्या ५०० कोटी लोकांना गरज पडेल तेव्हा सुरक्षित, परवडणारं ऑपरेशन मिळत नाही. त्यातले बहुतेक आपल्यासारख्या देशांतले. सुटकेसमध्ये मावणारं एक्स-रे यंत्र आणता येतं, हाडांचा डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ सुटकेसमधून आणता येत नाहीत. ग्रामसभेत उद्या कुणी म्हणालं की तालुक्याला एआयचं मशीन आलं, तर टाळ्या वाजवा, आणि लगेच विचारा की हाडांचे डॉक्टर आठवड्यातून किती दिवस येणार.

आक्काचं ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं. कमरेच्या हाडाचा बारीक तुकडा काढून मनगटात बसवला, वर स्क्रू. योजनेमुळे ऑपरेशनचे पैसे लागले नाहीत. पण जाण्या-येण्याचे, सोबतच्या माणसाच्या जेवणाचे, बुडालेल्या हंगामाचे लागलेच. मुकादमाची उचल अजून फिटलेली नाही. हात आता कपडे पिळण्याइतका चालतो. कोयता धरता येईल का, ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. वेळेवर सहा-आठ आठवडे प्लास्टर घातलं असतं तर पुष्कळदा एवढ्यावर भागतं.

आमच्या गटाने यानंतर एक ठराव केला. पडून हाताला-पायाला लागलं, पहिला फोटो साफ आला आणि तरी दहा दिवसांनी दुखतंय, तर दुसऱ्या फोटोसाठी आणि गाडीभाड्यासाठी गटातून बिनव्याजी पैसे द्यायचे, आणि सोबत गटातली एक बाई जाईल. पहिल्या बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "मशीन नाही म्हणतंय तर परत पैसे कशाला घालायचे?" त्यावर आक्काने काही न बोलता उजवा हात टेबलावर ठेवला. ठराव मंजूर झाला. आत्तापर्यंत तिघीजणी दुसऱ्यांदा फोटोला गेल्या. दोघींचं खरोखर काही नव्हतं. तिसरीच्या घोट्याला बारीक चीर निघाली.

फोटोला जाताना सोबत जाणाऱ्या बाईने तीन प्रश्न विचारायचे, ते आम्ही रजिस्टरच्या पाठीमागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेत. हा रिपोर्ट मशीनचा आहे की डॉक्टरांचा? डॉक्टर कधी बघणार आणि आम्हाला कोण कळवणार? दुखणं थांबलं नाही तर परत कधी यायचं? आणि दुखणारी बाई बोलायला लाजली तर तिचं बोट धरून दुखऱ्या जागेवर ठेवायचं आणि सांगायचं, साहेब, इथे दुखतंय, इथे दाबून बघा. आणखी एक, फोटो मोबाइलवर मिळाला तर तो नावासकट गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ते तुमच्या शरीराचं चित्र आहे.

शेवटी तुमच्याकडून एक मागणं आहे. ज्यांचा पहिला फोटो साफ आला आणि नंतर हाड मोडलेलं निघालं, अशा बायांनी आपल्या गटाच्या समन्वयक ताईला सांगा. जुनी फिल्म आणि रिपोर्ट फेकू नका, पुढच्या मासिक बैठकीला पिशवीत घालून घेऊन या. कधी पडलात, कुठे दुखत होतं, कुणी काय सांगितलं, हे आम्ही लिहून घेऊ आणि तालुक्याच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे सगळे कागद एकत्र घेऊन जाऊ. आक्का सोबत येणार आहे. तिने पहिला रिपोर्ट पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलाय.

येते आता. नमस्कार.